बाबांना गाडी लागते

माझ्या वडिलांनी जन्मभर गाड्यांच्या सीटा शिवल्या आणि त्यांना स्वतःला गाडी लागायची. तीही साधीसुधी नाही. गाडी सुरू झाली की त्यांच्या ओठांचा रंग जायचा, पहिल्या वळणाला कपाळावर घाम यायचा आणि दुसऱ्या वळणाच्या आत आई पिशवी उघडून तयार असायची.

गॅरेजांच्या गल्लीत शेवटचं दुकान त्यांचं. आजूबाजूला सगळीकडे तेल, ग्रीस, ठोकाठोकी. बाबांच्या दुकानात मात्र नव्या रेक्झिनचा आणि डिंकाचा वास. भिंतीला फोमचे ताव उभे करून ठेवलेले, एका कोपऱ्यात शिलाईचं जड मशीन, आणि जुन्या सीटमधून काढलेल्या स्प्रिंगांचा ढीग, ज्याच्यात मी आणि माझा भाऊ हात घालून ओरडा खायचो. वाकड्या सुया ते शर्टाच्या खिशाला टोचून ठेवायचे. आईचा त्यावर फार राग. मिठी मारायला धावलं की ते आधी एक हात पुढे करून थांबवायचे, सुया काढून ठेवायचे, मग म्हणायचे, "हां, आता ये."

लोक त्यांना गादीमास्तर म्हणायचे. "मास्तर, तुमच्या हातात दिली की गाडी नव्यासारखी होते," असं कुणी म्हटलं की बाबा म्हणायचे, "उभी असेपर्यंत."

शिवून झालेल्या सीटवर ते स्वतः बसून बघायचे. दार सताड उघडं, एक पाय आत, एक पाय बाहेर जमिनीवर. डोळे मिटायचे, जरा इकडे सरकायचे, जरा तिकडे, आणि म्हणायचे, "इथे टोचतंय." मग पुन्हा उसवायचं. गावातल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत ते असे बसलेले होते, आणि त्यातल्या एकाही गाडीतून ते कुठेही गेले नव्हते. लहानपणी मला वाटायचं, गाडीत बसायची पद्धतच ती. शाळेच्या सहलीच्या बसमध्ये मी एक पाय बाहेर काढून बसले होते तेव्हा बाईंनी माझा कान धरला.

आम्ही सुट्टीत कधी कुठे गेलो नाही. म्हणजे गेलो, पण पायी जाऊन पायी परत येता येईल तिथपर्यंतच. तळं, टेकडी, जुना पूल. डबा घेऊन जायचो आणि पुलाखाली बसून खायचो. शेजारची मुलं समुद्राच्या गोष्टी सांगायची. मी पुलाखालच्या पाण्याच्या सांगायचे आणि जरा वाढवून सांगायचे.

बाबांना एक मोठी बहीण होती. आम्ही तिला आत्या म्हणायचो, बाबा आक्का म्हणायचे. त्यांची आई ते दुधावर असतानाच गेली होती, त्यामुळे त्यांना वाढवलं ते आक्कानं, आणि आक्का तेव्हा स्वतःच फ्रॉक घालायच्या वयाची. तिच्या कडेवर बसूनच आपण चालायला शिकलो, असं बाबा म्हणायचे. त्यावर आत्या म्हणायची, "कडेवर बसून कुणी चालायला शिकतं का? खाली उतरायलाच तयार नव्हता मेला."

आत्याचं सासर डोंगरापलीकडे. रेल्वे तिकडे जात नाही, आणि रस्ता म्हणजे अख्खा घाट. दरवर्षी आत्याच यायची. एस.टी.तून उतरायची तीच तरतरीत, जणू शेजारच्या खोलीतून आली आहे. आल्या आल्या बाबांचं दुकान बघायला जायची, गिऱ्हाइकासमोर म्हणायची, "साऱ्या गावाला बसायला गाद्या देतो माझा भाऊ. माझ्या घरच्या पाटावर काही अजून बसला नाही तो." गिऱ्हाईक हसायचं. बाबा दोऱ्याला मेण लावत राहायचे.

त्यांनी प्रयत्न केला नव्हता असं नाही. दोनदा निघाले होते. एकदा आत्यानं घर बांधलं तेव्हा, आणि एकदा तिचे यजमान गेले तेव्हा. दोन्ही वेळेला घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर उतरले ते उतरलेच. पहिल्यांदा परत आले ते चेष्टेचा विषय झाले. दुसऱ्यांदा परत आले तेव्हा कुणीच काही बोललं नाही. आत्याही बोलली नाही. पुढच्या वर्षी ती आली, तेव्हा सगळ्या गप्पा मारल्या, पण पाटावर बसण्याचं ते वाक्य तिनं पुन्हा कधी म्हटलं नाही. आमच्या घरात हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. बाबांच्याही.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. माझी मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली होती. तिला घरात सगळे ठकी म्हणतात, अजूनही, आणि तिला ते अजूनही आवडत नाही. बाबांबरोबर एक कुत्राही आला. दुकान बंद करताना एका फाटक्या सीटच्या पोटात, काथ्यामध्ये, हा गोळा होऊन झोपलेला सापडला. तपकिरी, गोल, एवढासा. सीटच्या पाठीला खड्डा पडावा म्हणून मध्ये बटण ओढून बसवतात, तसं त्याचं नाक तोंडात रुतलेलं होतं. त्याचं नाव बटण. मी आधी त्याला घरात घ्यायला तयार नव्हते. केस, पिसवा, चावला तर काय, ठकीला दमा झाला तर काय. बाबा म्हणाले, "बरं, मग मी आणि तो जिन्यात झोपतो." जिन्यात झोपायला गेलेसुद्धा. अंथरूण घेऊन.

आणि मग आत्या पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती घरी आली, पण डॉक्टरांनी सांगितलं, आता प्रवास नाही. तिनं स्वतः फोन केला. मी फोन बाबांच्या कानाला लावला आणि तिथेच उभी राहिले, कारण आत्याचा आवाज लांबूनही ऐकू येतो.

"हे बघ बाळ्या, मी काही आता येत नाही," ती म्हणाली. "तुला यायचं तर ये. नाहीतर फोनवर बोलू. फोन काही वाईट नाही."

बाबा 'बरं' म्हणाले. फोन ठेवला. बटणला खाली घेऊन गेले आणि खूप वेळानं आले. आल्यावर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, तुमच्या गाडीच्या सीटा फार खराब झाल्यात."

एवढ्यावरून आम्हाला कळलं की ते जाणार आहेत.

दुकान गेलं होतं, पण मशीन आमच्या गॅलरीत होतं. बाबांनी गाडीच्या सगळ्या सीटा बाहेर काढल्या. त्यांचं म्हणणं, गाडी लागते ती खराब सीटमुळे. सीट डोलली की पोट डोलतं. मी म्हटलं, "बाबा, डॉक्टर सांगतात ते कानातून असतं." ते म्हणाले, "डॉक्टर बसलेत का कधी माझ्या सीटवर?" नवा फोम आणला, करड्या रंगाचं रेक्झिन आणलं. ठकी शाळेतून आली की त्यांच्याजवळ बसायची आणि खडूनं आखायला मदत करायची, म्हणजे खडू खराब करायची. रात्री जेवताना बाबांच्या बोटांना डिंकाचा वास यायचा आणि मला एकदम आमचं जुनं स्वयंपाकघर आठवायचं.

इकडे माझी तयारी वेगळी. प्लॅस्टिकच्या पिशव्या, लिंबं, टॉवेल, उलटीच्या गोळ्या, तापाची गोळी, थर्मामीटर, टॉर्च, सगळ्यांचे जादा कपडे, एक शिट्टी.

"शिट्टी कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"डोंगरात कुणी हरवलं तर."

"मग ती हरवणाऱ्याकडे पाहिजे."

मी आणखी तीन शिट्ट्या आणल्या.

निघायच्या दिवशी उजाडताच आम्ही खाली उतरलो. सीटा खरंच सुंदर झाल्या होत्या. कडेला पांढरा गोट, कुठे सुरकुती नाही. मी ठकीला मागे बसवलं आणि पट्टा शोधायला हात घातला. हाताला काही लागेना. दुसऱ्या बाजूला बघितलं, तिथेही नाही.

"बाबा, मागचे पट्टे कुठे गेले?"

"कसले पट्टे?"

"सीटबेल्ट हो. बांधायचे."

बाबांनी आठवल्यासारखं केलं. "ते होय. लोंबकळत होते सगळीकडे. आत घेतले. बघ ना किती साफ दिसतंय."

त्यांच्या दुकानाच्या दिवसांत मागचे पट्टे कुणी बांधतच नव्हतं. गिऱ्हाइकं उलट सांगायची, मास्तर, ते मधे मधे येतं, आत सारा. तर बाबांनी दोन्ही पट्टे, कुलपांसकट, नव्या रेक्झिनच्या आत दुहेरी टाक्यांनी बंद करून टाकले होते. माझा नवरा पाठ फिरवून काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

"पट्ट्याशिवाय ठकी जाणार नाही," मी म्हटलं.

"मी धरीन की तिला."

"बाबा."

"मी तुला कुठे पट्टा बांधला होता? वाढलीसच ना?"

"मला तुम्ही कधी गाडीत बसवलंच कुठे?"

हे मी तोंडातून निघून गेल्यावर ऐकलं. बाबा जिन्याकडे वळले. वर जाऊन ब्लेड घेऊन आले आणि स्वतःची शिवण उसवायला बसले. सुंदर टाके होते, एकसारखे. एकेक तोडताना त्यांचा चेहरा असा, की कुणीतरी त्यांच्याच बाहीला कात्री लावतंय. पट्टे बाहेर आले. मला वाटलं, चला, निघालो. पण तशी कापलेली कड ठेवून ते निघतील तर शपथ. "उघड्या शिवणीची गाडी आक्काच्या दारात नेऊ होय?" मग वरून मशीन खाली आणणं आलं. ते होईना, तेव्हा हातानं गोट शिवणं आलं. ऊन चढलं. नवऱ्यानं वर जाऊन दुसऱ्यांदा नाश्ता केला. ठकी गाडीतच झोपून गेली. आत्याला फोन केला की जेवायच्या वेळेला पोचू असं म्हटलं होतं, जरा उशीर होईल. ती म्हणाली, "उशीर होऊ दे. निघालाय का तो, तेवढं सांग."

"निघतायत."

"म्हणजे नाही निघाला."

शेवटी निघालो तेव्हा बाबा पुढे, मांडीवर बटण, हातात लिंबू. मी आणि ठकी मागे, पट्टे बांधून. माझा नवरा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आहे आणि गाडी चालवतो तीही पाण्याची टाकी डोक्यावर असल्यासारखी. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जातात. त्या दिवशी तर तो आणखीनच जपून चालवत होता. सपाटीवर सगळं ठीक होतं. बाबा बोलत नव्हते, पापणी लवत नव्हती, पण ओठांचा रंग शाबूत होता. मी मागून त्यांच्या मानेकडे बघत होते. घाम येतो का. दुपारी एका झाडाखाली थांबून आम्ही अंडी आणि ब्रेड खाल्ला. बाबांनी काही खाल्लं नाही. बटणनं त्यांचंही खाल्लं.

ते नडलं. रस्ता जरा उंचसखल व्हायला लागला आणि बटणनं दोनदा तोंड चाटलं, ओणवा झाला आणि बाबांच्या मांडीवर सगळं बाहेर काढलं.

"घ्या," बाबा म्हणाले. "माझ्या आधी यानं नंबर लावला."

ठकी इतकी हसली की तिला उचकी लागली. बाबाही हसले, पण हसता हसता त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. तो वास, ते वळण. नवऱ्यानं गाडी थांबवली तेव्हा समोर टपरी होती. बाबांनी सांगायच्या आधीच मला कळलं की ती कुठली. तिला आता पक्क्या भिंती होत्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, पण जागा तीच. मागे घाट सुरू होत होता. डोंगरावर वरपर्यंत रस्ता दिसत होता, कुणी दोरी टाकून दिल्यासारखा.

मी बाबांची पँट पुसली, जादा कपडे काढून दिले, त्यांना खुर्चीवर बसवलं. चहा आला. त्यांनी तो हातात धरून ठेवला.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मी बसतो इथे. परत येताना घ्या मला."

"असं कसं? परवा येणार आम्ही."

"बसतो की. मला सवय आहे इथे बसायची."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी म्हटलं, "जाऊ दे, परत फिरू या. आत्याला मी समजावते. आजारी पडलात तर या डोंगरात डॉक्टर कुठे मिळणार?"

"काय समजावशील?" बाबा म्हणाले.

"सांगेन, तब्येत बिघडली."

"तिसऱ्यांदा?"

टपरीवाला कपबशा विसळत होता. बटण आतापर्यंत ठणठणीत झाला होता आणि पट्टा ओढत होता. बाबा उठले. "याला जरा फिरवून आणतो," म्हणाले. "मोकळं होऊ दे त्याचं पोट."

आम्ही थांबलो. ठकीनं चहा सांडला, मी तिला रागावले, नवऱ्यानं टायरांची हवा बघितली. बाबा आले नाहीत. मी टपरीच्या मागे जाऊन बघितलं. नाहीत. रस्त्याच्या पलीकडे उतार होता, खाली झाडी. चक्कर येऊन पडले असले तर? ट्रक वळणावरून येतात ते काय बघून येतात का? मी शिट्टी काढली आणि वाजवली. टपरीवाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी ती पर्समध्ये टाकली. आम्ही गाडीत बसलो आणि हळूहळू वर निघालो.

दुसऱ्या वळणाच्या पुढे ते दिसले. रस्त्याच्या कडेनं चालले होते, डोंगराच्या बाजूनं, हात मागे बांधून, शर्टाच्या खिशाला सुया टोचलेल्या असताना चालायचे तसे ताठ. पुढे बटण, शेपटी वर. नवऱ्यानं गाडी त्यांच्याजवळ नेली. मी काच खाली केली.

"बाबा, बसा."

"बसत नाही."

"परत जायचंय ना?"

"परत कुठे? हा रस्ता वर जातोय." त्यांनी चाल मोडली नाही. "तुम्ही पुढे जाऊन वळणावर थांबा. मी येतो."

"अहो, पूर्ण घाट आहे हा."

"मग? मी काय आजारी आहे? आजारी मी गाडीत असतो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मुद्दा बरोबर आहे," आणि गिअर टाकला.

तर असा आम्ही तो घाट चढलो. गाडी पुढच्या वळणापर्यंत जायची, कडेला थांबायची, माझा नवरा बाहेर उतरून उभा राहायचा. बाबा आणि बटण यायचे, ठकी पाण्याची बाटली पुढे करायची, आजोबा पाणी प्यायचे, बटणला ओंजळीतून पाजायचे, आणि पुढे व्हायचे. मग गाडी पुन्हा पुढच्या वळणाला. एक ट्रकवाला वेग कमी करून आमच्याजवळ थांबला. एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे.

"आजोबा, घरच्यांशी भांडण झालं का? या, मी सोडतो वर."

"नाही हो," बाबा म्हणाले. "कुत्र्याला फिरवायला आणलंय."

"गावात जागा नाही का फिरवायला?"

"गावात हवा बरी नाही."

ट्रकवाला हसत निघून गेला. पण नंतर मोटरसायकलवर एक जोडपं आलं, त्यातल्या बाईनं माझ्या नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हातारा माणूस उन्हात चालतोय आणि धडधाकट माणूस गाडीत. नवरा समजावायला लागला की त्यांना गाडी लागते. ती म्हणाली, "मला नका शिकवू." ते गेल्यावर तो मला म्हणाला, "पुढच्या वळणाला तू बाहेर उभी राहा."

त्या पुढच्या टप्प्याला मी उतरले आणि बाबांबरोबर चालायला लागले. मला राहवत नव्हतं. त्यांचा गुडघा, त्यांचं वय, ट्रक. मी रस्त्याच्या बाजूनं चालत होते, म्हणजे काही आलं तर आधी मला लागेल. त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी मला धरून आतल्या बाजूला घेतलं. मग मी पुन्हा बाहेरच्या बाजूला गेले. असं थोडा वेळ चाललं.

"तुला दम लागतोय," ते म्हणाले.

"तुम्हाला नाही लागत?"

"लागतोय. पण हा बरा. हा पोटात नाही, छातीत आहे."

खाली टपरी दिसत होती, काड्यापेटीएवढी. बाबा जरा थांबले आणि तिच्याकडे बघत राहिले. बटणही बसला.

"तिचे यजमान गेले तेव्हा मी तिथे दुपारपर्यंत बसलो होतो," ते म्हणाले. "वर जाणाऱ्या गाड्या बघत. प्रत्येक गाडी आली की उठायचो, हात वर करायचो आणि गाडी थांबली की म्हणायचो, नाही नाही, जा. कंडक्टर शिव्या देऊन जायचा. मग खाली जाणारी आली तेव्हा तिच्यात चढलो."

"तेव्हा चालत का नाही गेलात?"

मी सहज विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोंगराकडे.

"तेव्हा सुचलं नाही," ते म्हणाले.

आम्ही पुढे चालायला लागलो. बऱ्याच वेळानं ते पुन्हा बोलले, माझ्याशी की स्वतःशी ते सांगता येत नाही. "सबंध दिवस गाड्यांत जायचा ना माझा. जायचं म्हटलं की डोळ्यासमोर गाडीच यायची. पायांनी जाता येतं हे डोक्यातच आलं नाही."

बटण मध्यावरच थकला. रस्त्यात बसकण मारली आणि उठेना. बाबांनी गाडीतून आपली कापडी पिशवी मागितली, तिच्यातला टॉवेल काढून तळाशी घातला आणि त्याला आत बसवून पिशवी गळ्यात अडकवली. गाडीत दे म्हटलं तर म्हणाले, "नको. त्याला लागते." मग पिशवीतून एक रुतलेलं नाक बाहेर, आणि वर बाबा. ठकी पुढच्या वळणाला गाडीत चढेनाच. तिनं आजोबांचं बोट धरलं. मी तिच्या अंगावर टोपी, पाणी, शिट्टी सगळं चढवलं आणि गाडीतून मागे वळून वळून बघत राहिले. ती दोघं काहीतरी मोठमोठ्यानं बोलत येत होती. बाबा तिला आपल्या लहानपणीचं सांगत होते, आक्काच्या कडेवरचं. ठकी म्हणत होती, "मग तुम्ही उतरत का नव्हतात?" आणि बाबा म्हणाले, "वरून छान दिसायचं."

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन पार कलंडलं होतं. पुढे पठार होतं, रस्ता सरळ. बाबांनी चपला काढून झटकल्या. एका टाचेला फोड आला होता, तो फुटला होता. मी मलम लावलं. त्यांनी गाडीच्या दाराला हात लावला, एक पाय आत ठेवला, एक पाय बाहेर ठेवून थोडा वेळ बसले. मग त्यांनी दुसराही पाय आत घेतला. सरळ रस्त्यावर त्यांना त्रास झाला, पण बेताचा. लिंबाचं साल त्यांनी चावून चावून संपवलं.

आत्याच्या दारात दिवा लागला होता. ती दारातच खुर्ची टाकून बसली होती, बाजूला चालायचा वॉकर. केव्हापासून बसली होती कुणास ठाऊक. गाडी थांबली. आधी ठकी उतरली, मग बटणची पिशवी, मग बाबा. आत्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"जेवण गार झालं," ती म्हणाली.

"आक्का, घाट चालत आलो."

"चालत?"

"हो."

"गाडी बंद पडली का?"

"नाही. गाडी चांगली आहे."

आत्यानं आमच्याकडे पाहिलं, खरं की काय म्हणून. मी मान हलवली. ती बाबांना म्हणाली, "चप्पल काढ. पाय बघू." ते तिच्यासमोर पायरीवर बसले. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पाय वर उचलून तिच्या खुर्चीच्या कडेला टेकवला, एवढा वयस्कर माणूस. तिनं फोडाकडे बघितलं. मला म्हणाली, "आत गरम पाणी आहे, आण." मी पाणी आणायला गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"हे गेले तेव्हाही आला असतास असाच, तर बरं झालं असतं," आत्या म्हणाली.

बाबा म्हणाले, "हो."

मी पातेलं धरून तशीच उभी राहिले. मग आत्याचा आवाज आला, "हे काय आणलंस पिशवीत?"

"कुत्रा आहे."

"घरात नाही हं घेणार मी त्याला."

"बरं. मग मी आणि तो इथेच पायरीवर झोपतो."

"मेला तसाच आहे अजून," आत्या म्हणाली.

आम्ही तिथे दोन दिवस राहिलो. निघायच्या सकाळी गाडी दारात आणली, सामान भरलं. बाबा दाराजवळ आले, सीटच्या गोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मी राहतो इथे थोडे दिवस. परत जायचं म्हणजे तोच घाट."

आत्या खुर्चीतून म्हणाली, "त्याला उतार सोसत नाही. लहानपणापासून."

बटणला मात्र घेऊन जा, असं बाबांनी ठकीला सांगितलं. पोर आहे, तिला सोबत पाहिजे. ठकीनं त्याला कवटाळलं, मग बराच वेळ त्याच्या कानाशी काहीतरी बोलली आणि आजोबांच्या हातात दिला. "नको," ती म्हणाली, डोळे पुसत. "त्याला गाडी लागते."

थोडे दिवस म्हणता म्हणता बाबा तिथलेच झाले. आत्याच्या खुर्चीला त्यांनी नवी गादी केली, मग शेजाऱ्यांच्या खुर्च्या यायला लागल्या, मग एका टेम्पोवाल्यानं आपली सीट आणून टाकली. आम्ही सुट्टी लागली की जायचो. घाटात दरवेळी ठकी ती वळणं मोजायची आणि दरवेळी तिचा आकडा वेगळा यायचा. गेलो की दोघं बहीणभाऊ ओट्यावर भांडत असायचे. आपली आई गेली तेव्हा तिच्या अंगावर कुठल्या रंगाचं लुगडं होतं, यावर. बाबांना तिचं काहीही आठवणं शक्य नव्हतं, तरी ते हिरवं म्हणायचे. आत्या म्हणायची, तू दुधावर होतास, गप्प बस. ते गप्प बसायचे आणि थोड्या वेळानं म्हणायचे, "हिरवंच."

ठकी आता लांब शिकायला असते. स्वतः गाडी चालवते. पोचली की फोन कर म्हणते मी, आणि ती करत नाही, आणि मी जागी असते. अशा वेळी मला बाबांचा तो एक फोन आठवतो. पहाटे आला होता. मी घाबरूनच उचलला. ते शांत होते.

"आक्का गेली," म्हणाले. "आत्ताच. बोलत होती माझ्याशी."

मी रडायला लागले. मी म्हटलं, आम्ही आत्ता निघतो, लगेच निघतो, तुम्ही एकटे आहात तिथे.

"घाई करू नका," बाबा म्हणाले. "जावईबापूंना सांग, सावकाश चालवा, अंधार आहे घाटात. मी आहे तिच्याजवळ."